कुठे लागतं?

कारखान्यात सगळे आत्याला चमचाबाई म्हणत. साहेबांची चमची म्हणून नव्हे, तिच्या एप्रनच्या खिशात कायम एक लांब दांड्याचा छोटा चमचा असायचा म्हणून. साहेबांचे चमचे वेगळे होते. त्यांना बढत्या मिळाल्या, हिच्याकडे चमचा राहिला.

एकतीस वर्षं ती लेमनेडच्या कारखान्यात सरबतखात्यात होती. पाक तयार झाला, लिंबाचा रस पडला, की मोठ्या पिंपातून चमचाभर काढायचा, जिभेवर घ्यायचा, फिरवायचा, नाकातून श्वास सोडायचा आणि बादलीत थुंकायचा. मग तिने मान हलवली की पिंप बाटल्या भरायला पुढे जायचं, नाहीतर अख्खं खातं हात बांधून उभं. मालकसुद्धा तिच्या तोंडाकडे बघत. पुढे मोठ्या कंपन्यांच्या बाटल्या आल्या, कारखान्याला टाळं लागलं, पण आत्याची जीभ कुणी टाळ्यात ठेवली नव्हती. नातेवाइकांत कुणाच्या घरी काही शिजलं की आधी आत्यापुढे चमचा यायचा.

तिच्या भाचीची, म्हणजे भावाच्या मुलीची, एक तक्रार मात्र लहानपणापासून होती. आत्या कधी कशाला 'छान' म्हणायची नाही. दोष आत्याचा नव्हता, सरबतखात्याच्या मास्तरांचा होता. ते तिचे गुरू, आणि त्यांच्या खात्यात 'छान' आणि 'वाईट' हे दोन शब्द उच्चारायला बंदी होती. "छान म्हणजे काय? काही नाही. आळशी माणसाचा शब्द," असं म्हणायचे. "जिभेवर घ्या आणि सांगा, कुठे लागतं? टोकाला लागतं, कडेला लागतं, घशात लागतं, नाकात मागून लागतं. जागा सांगा, मी चूक सांगतो."

भाची सहा वर्षांची असताना सुटीत आत्या तिला एकदा कामावर घेऊन गेली. खिडकीजवळच्या उलट्या क्रेटवर तिला बसवलं, पोर कंटाळायला लागली तेव्हा पिंपातलं चमचाभर तिच्या तोंडात घातलं आणि सवयीने विचारलं, "कुठे लागतं?"

पोरीने डोळे घट्ट मिटले, बराच विचार केला आणि म्हणाली, "पायाला."

मास्तर हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. "अगं, पायाला दगड लागतो, सरबत कसं लागेल?" पण आत्याने खाली बघितलं तर सँडलमधली पोरीची दहाही बोटं आखडून आत वळली होती. मग आत्याने स्वतः चमचा भरून घेतला, आणि पिंप थांबवायला लावलं. कुणीतरी आंबटाचं माप दोनदा टाकलं होतं. तेव्हापासून सरबतखात्यात आंबट जास्त झालं की तसं कुणी म्हणत नसे. "आज पायाला लागतंय," एवढंच म्हणायचे, आणि कारखाना बंद होईपर्यंत म्हणत राहिले.

ती भाची आता शाळेत बाई झाली होती. तिसरीला शिकवायची. एका रविवारी ती आत्याकडे आली ती डोक्यात खूळ घेऊनच.

"आत्या, माझ्या वर्गाला चव शिकवायला ये."

"चव काय शिकवायची असते? तोंड आहे ना पोरांना?"

"तोंड आहे, पण काहीही विचारलं की दोनच उत्तरं. 'मस्त' नाहीतर 'यक'. तू ये. तीन प्रकारचं लेमनेड करू, त्यांनाच करायला लावू, चाखायला लावू. मी मुलांना सांगून पण ठेवलंय, माझी आत्या डोळे मिटून सांगते, कोणतं सरबत कसं केलंय."

नाही म्हणायचं आत्याच्या ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली, "येते की."

खरी गोष्ट अशी होती, की दोन वर्षांपूर्वीच्या तापानंतर आत्याचं नाक गेलं होतं. नाक जागेवर होतं, त्यातला वास गेला होता. जिभेला गोड कळायचं, आंबट कळायचं, खारट-कडू कळायचं, पण तेवढंच. चहा म्हणजे गरम गोड पाणी. लिंबू म्हणजे नुसतं आंबट. एकदा दूध करपून घरभर धूर झाला तेव्हा शेजारीण दार ठोकत आली, आणि आत्या शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसली होती. "डोळा लागला होता," असं सांगून तिने वेळ मारून नेली. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, कदाचित नाही. तिने कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिच्याजवळ शिल्लक काय होतं? नवरा नाही, मूल नाही, कारखाना नाही. जीभ होती. ती गेली म्हटल्यावर लोक पुढे चमचा तरी कशाला धरतील? म्हणून तिने एक सोपी युक्ती काढली होती. कुणी काही चाखायला दिलं की ती घास घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "छान झालंय." लोक खूश. वयाने आत्या निवळली, असं सगळे म्हणायला लागले.

शाळेत जायच्या आदल्या दिवशी दुपारी आत्याने तीन सरबतं केली. तराजू घेऊन केली, कारण नाकाचा भरवसा नसला तरी वजनाचा होता. तिन्हींना साखर सारखी, आंबट सारखं, तिन्ही गाळून घेतलेली, रंगाला सारखी. एक बाटलीतल्या इसेन्सचं आणि लिंबूसत्त्वाचं. दुसरं नुसत्या ताज्या रसाचं. आणि तिसरं मास्तरांच्या पद्धतीचं: लिंबाची साल किसणीवर वरवर किसायची, पांढरं दिसलं की थांबायचं, कारण पांढरं कडू; तो कीस साखरेत बोटांनी चोळायचा, साखर ओली आणि पिवळी होईपर्यंत; मग झाकून ठेवायची आणि नंतर त्यात रस घालायचा. चोळताना आत्याने बोटं नाकाशी नेली. एकतीस वर्षांची सवय. काहीच आलं नाही. ती बराच वेळ तशीच बोटं नाकाशी धरून बसली, आणि तिला रडू आलं. मग तिने डोळे पुसले, सरबतं पाण्याच्या तीन सारख्या जगांत ओतली आणि जगांच्या बुडाला खडूने एक, दोन, तीन रेघा ओढल्या. चुकायला नको.

सकाळी वर्गात भाचीने लांब टेबलावर पांढरं कापड घातलं होतं. तीन चित्रं मांडली होती, मासा, घर आणि छत्री. प्रत्येक चित्रामागे एक जग ठेवायचा. आत्या कागदी पेले मोजत होती तेवढ्यात शाळेच्या मावशींनी तिन्ही जग उचलून आपापल्या जागी मांडलेसुद्धा.

"थांबा, थांबा, मला बुडं बघू द्या," आत्या म्हणाली.

"बुडं? बुडाला खडू लागला होता हो तिन्हींच्या," मावशी म्हणाल्या. "स्वच्छ पुसून काढलाय. पांढरं कापड खराब झालं असतं ना!"

मावशींच्या स्वच्छतेपुढे काय बोलणार? आत्याने जगांकडे बघितलं. मासा, घर, छत्री. तिघंही शहाण्या मुलांसारखे एकाच रंगात उभे. भाचीला हळूच म्हणता आलं असतं, वास घेऊन सांग गं कोणतं कोणतं आहे. पण मग भाचीने विचारलं असतं, तू का नाही घेत? आत्या पेले मोजत राहिली. निभावून नेऊ, म्हणाली मनाशी.

मुलं आली. चोवीस डोकी आणि एका वेळी चोवीस तोंडं. आत्याने आधी सगळ्यांच्या हातात अर्धं अर्धं लिंबू आणि साखरेची वाटी दिली. रस पिळा, बोट बुडवा, चाटा, साखर घाला, परत चाटा. कुणाच्या डोळ्यांत रस उडाला, कुणी साखरच खाल्ली, कुणी बी गिळली आणि आता पोटात झाड येणार का म्हणून विचारायला आलं. मग आत्याने खिशातून चमचा काढला, आणि घोट कसा घ्यायचा, फिरवायचा आणि बादलीत थुंकायचा ते दाखवलं. शाळेत थुंकायला परवानगी! मुलांचा आनंद गगनात मावेना. चार जणांनी तर सरावासाठी नुसतं पाणीच थुंकून घेतलं.

"एक नियम," आत्या म्हणाली. "मस्त म्हणायचं नाही, यक म्हणायचं नाही, छान तर मुळीच नाही. फक्त सांगायचं, कुठे लागतं आणि कशासारखं लागतं."

पहिली फेरी नाक धरून. चोवीस हात चोवीस नाकांवर गेले. मासा, घर, छत्री, तिन्हींचे घोट झाले.

"सगळी सारखीच!" मुलं गेंगाण्या आवाजात ओरडली.

"आता नाक सोडा आणि परत घ्या."

आणि मग वर्गाचा चेहराच बदलला. कुणाच्या भुवया वर, कुणाचे डोळे मोठे.

"माशाचं पटकन येतं आणि पळून जातं," एकजण म्हणाली.

"फरशी पुसल्यावर येतो ना वास, तसं लागतं," तिच्या शेजारचा म्हणाला.

इसेन्स, आत्या मनात म्हणाली. मासा म्हणजे बाटलीतलं. तिला हुश्श वाटलं.

"छत्रीचं सरळ आहे. जिभेच्या कडेला लागतं. बास, संपलं."

नुसता रस. म्हणजे राहिलं घर.

"घराचं..." पुढच्या बाकावरचा एक बुटका मुलगा अडखळला. "गिळल्यावर पण आहे. मागून नाकात लागतं. लिंबू सोलल्यावर हाताला वास राहतो ना, तो आता तोंडात आहे."

आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. मास्तर असते तर पोराला कडेवर उचलून नाचले असते. नाकात मागून लागतं! पहिल्या वर्षी हेच ओळखायला तिला आठ महिने लागले होते. तिला काही वास आला नाही, पण सरबतखातं डोळ्यांपुढे आलं: खिडकीतून येणारं ऊन, ओल्या फरशीचा थंडावा, मास्तरांच्या बाहीला चिकटलेली पिवळी साखर. मुलं बोलत होती आणि तिला तिचंच हरवलेलं परत मिळाल्यासारखं वाटत होतं. शिवाय आता तिन्ही जगांचा पत्ता लागला होता. मूठ अजून झाकलेली होती.

तेवढ्यात मागच्या बाकावर हशा पिकला.

"आत्या, ही बघा! हिला नाक सोडलं तरी सारखंच लागतं म्हणे!"

दोन वेण्यांची एक मुलगी उभी होती. नाक लाल, हातात रुमालाचा बोळा. सर्दीने तिचा आवाज पोत्यातून बोलल्यासारखा येत होता.

"मला तिन्ही सारखीच लागली," ती हळूच म्हणाली.

"हिला जीभच नाही!"

"खोटं बोलते, हिला ओळखता येत नाही!"

भाचीने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, पण वर्गात एक वकील असतोच. तो उठला. "बाई, तुम्ही म्हणाला होतात, आत्या डोळे मिटून सांगतात. त्यांनाच सांगू दे ना. मग कळेल, सारखी आहेत का वेगळी आहेत."

"हो! आत्या! आत्या!"

आत्याने चमचा उचलला. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, पण इथे तोंड उघडायची गरजच नव्हती. उत्तर तिला माहीत होतं. डोळे मिटायचे, तीन घोट घ्यायचे, मासा इसेन्स, छत्री रस, घर साल, आणि चोवीस पोरं टाळ्या वाजवणार. भाचीची मान उंच होणार. चमचाबाई ती चमचाबाईच.

आणि ती दोन वेण्यांची मुलगी खाली बसणार. जीभ नसलेली.

आत्याने तिच्याकडे बघितलं. पोरीचा चेहरा तिला चांगला ओळखीचा होता. दोन वर्षं ती तो रोज आरशात बघत होती.

तिने चमचा खाली ठेवला.

"ती खोटं बोलत नाहीये," आत्या म्हणाली. "मलाही तिन्ही सारखीच लागतात."



"मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. ताप आला होता, तो गेला आणि नाक घेऊन गेला. तुम्ही मघाशी नाक धरलं होतंत ना, तसं माझं कायम धरलेलं आहे. फक्त सोडता येत नाही."

"पण तुम्ही तर कारखान्यात होता," वकील म्हणाला. त्याचा अशील हरल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"होते. आता वास नाही येत."

"मग घराचं कोणतं, माशाचं कोणतं, ते कोण सांगणार?"

"तुम्ही सांगितलंत की. मी फक्त ऐकलं." आणि तिने ऐकून काय ओळखलं ते सांगितलं, कोण काय म्हणालं त्यावरून कोणत्या जगात काय आहे ते. बुटका मुलगा लाजून लाजून बाकाखाली जायचा राहिला.

दोन वेण्यांची मुलगी टेबलापाशी आली होती. "माझं पण नाही येणार परत?"

"तुझं चार दिवसांत येईल गं. नाक शिंकर नीट." आत्याने उरलेलं लिंबू एका पेल्यात घट्ट पिळलं, साखर न घालता, आणि तिच्यापुढे धरलं. "पण जीभ आहे हां आपल्याला. घे. कुठे लागतं?"

मुलीने घोट घेतला. तिचा चेहरा असा मुरडला की वर्ग परत हसला, पण हे हसणं वेगळं होतं.

"कानाला!" ती ओरडली.

मग काय, सगळ्यांनाच ते हवं झालं. कुणाला मानेला लागलं, कुणाला कोपराला. घंटा झाली तेव्हा बादली अर्धी भरली होती आणि लिंबाच्या सालींचा ढीग पडला होता. मुलं निघाली, आणि जाता जाता वकिलाने विचारलं, "बाई, घराचं थोडं घरी न्यायला मिळेल?"

वर्ग रिकामा झाला. मावशी बादली घेऊन गेल्या. भाची टेबलावरचं कापड घडी करत होती, आणि एकच घडी चार वेळा मोडत होती.

"चिडलीस?" आत्याने विचारलं. "मुलांसमोर तुझी फजिती झाली, मला कळतं..."

"फजिती?" भाची एकदम वळली. तिचे डोळे भरले होते. "आत्या, दोन वर्षं! दोन वर्षं मी दर रविवारी काहीतरी करून आणते, आणि तू म्हणतेस छान झालंय. मला वाटायचं, आता कुठे मला जमायला लागलं. एकदा घरी जाऊन मी रडले होते गं आनंदाने. आत्या छान म्हणाली!"

आपण मूठ झाकली तेव्हा ती कुणाच्या बोटांवर मिटली, हे आत्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस? मी तुझी कुणी लागते की नाही?"

आत्या मटकन लहानशा बाकावर बसली. "लागतेस म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली. "सगळ्यांनी मला नुसती म्हातारी म्हटलं असतं तरी चाललं असतं. तू म्हटलेलं नसतं चाललं."

भाचीने नाक पुसलं. मग तिने ढिगातली अर्धी लिंबं शोधली, ज्यांत अजून जरा रस होता ती, आणि एकेक करून पेल्यात पिळली. आत्याचा लांब दांड्याचा चमचा उचलला, काठोकाठ भरला, आणि आत्याच्या तोंडासमोर धरला.

"आ कर. आणि छान म्हणायचं नाही."

आत्याने आ केला.

आंबट, नुसतं आंबट. ना लिंबू, ना साल, ना खिडकीतलं ऊन. पण केवढं आंबट! तिने डोळे घट्ट मिटले, खांदे वर गेले, घसा आवळला.

"कुठे लागतं?" भाचीने विचारलं.

आत्याने बराच विचार केला.

"पायाला," ती म्हणाली.

भाची चमचा हातात धरूनच खाली वाकली. झिजलेल्या चपलांमध्ये आत्याची दहाही बोटं आत वळली होती.